विकतचं ऊन

गोऱ्या माणसाचं कोड लवकर दिसत नाही. माझं दोन वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. मानेच्या डाव्या बाजूला रुपयाएवढा एक डाग आणि त्याखाली, गळ्याशी, दुसरा थोडा लहान. चिपळूणच्या डॉक्टरांनी ‘पसरेल की नाही, सांगता येत नाही’ एवढंच सांगितलं होतं. घरात नवरा, आई आणि धाकटी बहीण एवढ्यांनाच माहीत होतं. आई फोनवर कोड हा शब्द उच्चारायची नाही. ‘ते कसं आहे?’ असं विचारायची.

मस्कतमध्ये आम्ही दार्सैतला राहत होतो. मी एका इंग्रजी दैनिकात डेस्कवर होते. दुसऱ्यांच्या बातम्यांतली चुकीची माहिती काढायची, हे माझं काम. ओमानात शुक्रवार-शनिवारची सुट्टी नुकतीच सुरू झाली होती, त्या सुमारास बहिणीचं लग्न ठरत आलं. मुलगा पुण्याचा. त्याची सख्खी मावशी मस्कतलाच होती. मुलाच्या आईने आमच्या आईला कळवलं, “माझी बहीण एकदा तुमच्या थोरलीकडे जाऊन येईल.” याचा अर्थ सगळ्यांना कळत होता. पुण्यातली चौकशी पुण्यातले नातेवाईक करतात, आखातातली आखातातले. पुढच्या पंधरवड्यातला शुक्रवार ठरला, दुपारचं जेवण.

आईचा त्याच दिवशी फोन आला. “त्यांना खिडकीकडे तोंड करून बसव. तू खिडकीला पाठ करून बस. आणि ओढणी घे.”

“आई, घरात एसी चालू आहे. ओढणी कशाला म्हणतील.”

“म्हणू देत. एक मुलगी उजवायची राहिली आहे माझी.”

डॉक्टर या आजारावर एका ठरावीक प्रकाशाचे उपचार करतात, एवढं मी वाचलं होतं. रुवीच्या त्वचारोगाच्या दवाखान्यात ती सोय होती. पण तिथे काउंटरवर बसणारी बाई आमच्या महाराष्ट्र मंडळातली. तिला कळलं असतं तर गणपतीपर्यंत सगळ्यांना कळलं असतं. गच्चीवर उन्हात बसावं, तर दार्सैतच्या गच्च्या एकमेकींना लागून. म्हणून मी अझैब्यातल्या एका ब्यूटी सलूनचा पत्ता काढला. युरोपियन बायका कातडी तांबूस करून घ्यायला तिथे जात. प्रकाश तो प्रकाश, असा मी हिशेब केला. एखाद्या वार्ताहराने बातमीत असं वाक्य लिहिलं असतं, तर मी ते परत पाठवलं असतं.

एका सकाळी टॅक्सी करून गेले. काउंटरवरची फिलिपिनो मुलगी माझ्याकडे बघून गोंधळली.

“मॅम, व्हायटनिंग इज नेक्स्ट रूम.”

“नो. टॅनिंग.”

“फॉर यू?” तिने एकदा माझ्याकडे आणि एकदा दाराकडे पाहिलं, मागून आणखी कुणी येतंय का ते. “इंडियन लेडीज आस्क ओन्ली व्हायटनिंग, मॅम.”

ती पहिल्या वेळेला थोडाच वेळ देत असे. मी जास्त मागितला. माझी कातडी उन्हात पोळत नाही, हेही सांगितलं. ते खोटं होतं. पूर्वी गुहागरच्या समुद्रावर एका दुपारीच माझं नाक सोललं होतं.

मशीन काचेच्या पेटीसारखं होतं. वर झाकण, वरखाली निळसर नळ्या. डोळ्यांवर लावायला छोटे काळे चष्मे. झाकण खाली आलं आणि पंखा घरघरायला लागला. काच आधी गार होती, मग पाठीला चिकटली. अंगावर जवळजवळ काही नव्हतं. मी मान उजवीकडे वळवून डावी बाजू प्रकाशाला दिली. शेजारच्या खोलीतून मल्याळी बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्या गोऱ्या व्हायला आल्या होत्या. कुणी ओळखीचं निघालं तर काय सांगायचं, याचीच मी त्या वेळात जुळवाजुळव करत होते. 

संध्याकाळी अंग भाजल्यासारखं लाल झालं. डाग सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त पोळले. नवरा दार उघडून बघतच राहिला. “काय केलंस हे?” मी सांगितलं. त्याने फ्रिजमधून लावायला ताक काढून आणलं. पाच-सहा दिवसांत लाली उतरली. चेहरा आणि मान तांबूस काळवंडली आणि डाग पुन्हा पांढरे झाले. दोन वर्षं जे ट्यूबलाइटखाली जवळून बघितल्याशिवाय दिसत नव्हतं, ते आता दारातून दिसत होतं. डोळ्यांभोवती चष्म्याची दोन पांढरी वर्तुळं उमटली होती, ती वेगळीच.

शुक्रवारी मावशी आल्या. ठेंगण्या, बोलघेवड्या, हातात घरच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी. मी त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं. ओढणी घेतली होती. पुऱ्या वाढायला वाकले आणि ती घसरली.

मावशींचा घास हातातच राहिला. “मानेला काय गं झालं?”

“तेल उडालं. पुऱ्या तळताना.”

“अगंबाई.” त्यांनी निरखून पाहिलं. “आणि चेहरा काळवंडला तो?”

“तेच… वाफेनं.”

“आणि डोळ्यांभोवती? तिथे तेल वळसा घालून गेलं का?”

नवऱ्याने ताटातलं बिरडं कालवायला सुरुवात केली. त्याला बिरडं आवडत नाही.

मावशींनी पाण्याचा घोट घेतला. “तुझ्या बहिणीनं मुलाला पहिल्याच भेटीत सांगितलंय, माझ्या ताईला कोड आहे म्हणून. त्यानं घरात सांगितलं. मला महिन्यापूर्वीच कळलंय. मी काही बघायला आले नाही गं, जेवायला आले. आता खरं सांग, हे भाजलंय कशानं?”

मी सांगितलं. अझैब्यापासून झाकणापर्यंत सगळं, खाली बघून.

“ऊन विकत घेतलंस?” मावशी म्हणाल्या. “मस्कतमध्ये?” मग त्या हसायला लागल्या, इतक्या की नवराही हसला. “हे मात्र मी पुण्याला सांगणार बरं का!”

मला हसता आलं नाही. ज्या बहिणीसाठी मी भाजून घेतलं होतं, तिने तो शब्द परक्या मुलासमोर सरळ उच्चारला होता. मी स्वतःच्या घरात, स्वतःच्या ताटावर बसून तो उच्चारू शकले नव्हते.

लग्न पुण्यात झालं. मावशींनी बोलल्याप्रमाणे सांगितलं होतं. सासरकडच्या बायका एकामागून एक येऊन मशीनबद्दल विचारत होत्या, आत झोपतात की बसतात, घाम येतो का. मानेकडे कुणी पाहिलं नाही. विहीणबाईंनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, “तुमची बायको भारी धीट हो.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मावशींनी मशीनची गोष्ट सगळ्यांना सांगितली होती, तेलाची थाप मात्र कुणालाच नाही. पंगतीत त्या समोरच बसल्या होत्या. त्यांच्याकडे बघायला मी दोनदा मान वर केली. दोन्ही वेळा त्या शेजारणीशी बोलत होत्या.