शनिवारची सभा

माझ्यावर सगळ्यांत मोठं ऋण आमच्या बाईंचं आहे. बाई म्हणजे पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते सातवीला शिकवणाऱ्या बाई. त्यांनी जादा तास घेऊन माझ्याकडून स्कॉलरशिपची गणितं करून घेतली नसती, तर मी घरातला पहिला पदवीधर झालो नसतो. शाळा कशासाठी, असं कुणी विचारलं की मी स्वतःकडेच बोट दाखवायचो.

बाई आणखी एक गोष्ट करायच्या. दर शनिवारी शेवटच्या तासाला सभा. खुर्चीवर पाळीपाळीने आम्हा मुलांपैकी कुणीतरी बसायचं आणि बाई दाराशी उभ्या राहायच्या. विषय साधे असत. चेंडू एकच आहे, तर आधी कुणी खेळायचं? बोलायचं असेल तर बोट वर करायचं. एकच नियम पक्का होता: जो अजून बोललेला नाही, त्याला आधी बोलू द्यायचं. मला हा तास वाया गेल्यासारखा वाटायचा.

वर्गात एक मुलगी होती. दिवाळीनंतर ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्यातच परत यायची. आली की पहिल्याच शनिवारी बाई तिला खुर्चीवर बसवायच्या. सातवीनंतर तिची शाळा सुटली. लग्न गावातच झालं. आता ती सरपंच आहे.

या उन्हाळ्यात मी नगरहून गावी गेलो, तेव्हा शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली होती. टँकर गावातल्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि माळावरच्या वस्तीतल्या बायका चालत येईपर्यंत तळाचा गाळ उरायचा. टँकर आधी वस्तीवर न्यावा, अशी त्यांची मागणी होती. गावातले एक नाना कुणाला बोलूच देत नव्हते.

"नाना, तुमचं दोनदा झालं. बसा आता," सरपंच म्हणाली.

"मला बस म्हनती? शाळा हाय का ही?"

"व्हय. शाळंतच बसलोय आपन."

लोक हसले. नानाही बसले. मग ती म्हणाली, "ज्यांनी अजून तोंड उघडलं न्हाई, त्यांनी आदी बोला."

आणि माझ्या डोळ्यांदेखत बोटं वर झाली. दुधाची गाडी चालवणारा, वेल्डिंगचं दुकान टाकलेला, पिठाच्या गिरणीवाली. केस पिकू लागलेली ही माझ्या वर्गातली माणसं एक बोट वर करून आपली पाळी येण्याची वाट पाहत होती.

गावातलीच एक नवी सून उठली. पदर सावरत म्हणाली, "एक दिवसाआड टँकर आदी वस्तीवर गेला तर काय बिघडलं? आमी धुनं दुसऱ्या दिवशी करू."

"कबूल असंल त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाली. मग हात वर होऊ लागले. शेवटी नाना म्हणाले, "घ्या, माजाबी हात."

त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिलं. निवृत्तीनंतर त्या श्रीरामपूरला राहतात.

"बाईंना सादर नमस्कार.

पदवी मिळाल्यावर मी पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही पेढा हातात घेतलात आणि बाकीची मुलं काय करतात ते विचारलंत. मला नीट सांगता आलं नव्हतं. आज सांगतो.

काल टँकर आधी वस्तीवर गेला. मी बघायला गेलो होतो. बायका नुसत्या रांगेत उभ्या होत्या, कुणालाच धावावं लागलं नाही. हे तुमच्या शनिवारच्या तासाला ठरलं, बाई. त्या तासाला मार्क नव्हते, म्हणून मी तो कधी मोजलाच नाही. आमच्यातले बहुतेक जण कॉलेजला गेले नाहीत, पण तुमची शाळा त्यांच्यापाशी पुरी पोचली आहे.

ग्रामसभा संपताना सरपंचाने, तुमच्याच त्या विद्यार्थिनीने, माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, 'तू बी अजून बोलला न्हाई.' मी बोट वर करून उभा राहिलो. दाराकडे नजर गेली. तुम्ही तिथे उभ्या असायचात.

मी म्हणालो, 'माझं अनुमोदन आहे.'"