रोजचा एकच शोध

दुष्काळाच्या त्या वर्षी मला माणसांपेक्षा तक्त्यांचा जास्त पुळका होता. केज तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या कचेरीत माहिती शोधायचं यंत्र बसवलं होतं. आपला सभासद क्रमांक आणि गावाचं नाव दाबलं, की जनावरांच्या कोणत्या चारा छावणीत जागा आहे ते पडद्यावर दिसायचं. त्याचा लोकांना खरंच उपयोग होतो का, हे तपासायला मी गेलो होतो. पद्धत दुहेरी होती. यंत्रातले शोध मोजायचे आणि लोकांशी बोलून त्यामागचं कारण समजून घ्यायचं.

मोजणं मी मन लावून केलं. बोलणं मात्र कचेरीतल्या पंख्याखाली उरकलं, तेही चेअरमनसाहेबांच्या शेजारी बसून, त्यांचाच चहा पीत. यंत्र त्यांनीच आणवलेलं. त्यांच्या तोंडावर त्याला कोण नावं ठेवणार? जो तो म्हणे, "लई चांगलं हाय." मी शहाण्यासारखं लिहून घेतलं.

नोंदींत एक बाई सापडली. मेंढपाळाच्या घरातली, दोन गाईंचं दूध संस्थेला घालणारी. रोज सकाळी तिचा एकच शोध, एकाच छावणीचा. मी हरखलो. अहवालात लिहिलं, यंत्रावर लोकांचा विश्वास बसला आहे. मला या कामावर पाठवणारे सर म्हणाले होते, रोज तेच का शोधते, एकदा तिच्या घरी जाऊन विचार. ऊन फार होतं. मी गेलो नाही.

अहवाल पाठवल्यावर मुखपृष्ठासाठी फोटो हवा झाला, तेव्हा मात्र ऊन आडवं आलं नाही. तिच्या वस्तीवर गेलो. दावणीला एकच गाय होती.

"दुसरी वाटंतच बसली, ती उठलीच न्हाई," ती म्हणाली. "यंतर म्हणायचं जागा हाय. चालत जावं तर छावणी बंद. तीनदा गेलते."

"मग रोज कशाला दाबत होता?"

"मला वाटलं, माझंच बोट चुकतंय. येवढं यंतर खोटं कावून बोलंल?"

छावणी बंद झाल्याचं यंत्रात कुणी भरलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं असतं, तर हे कळलं असतं आणि गाय कदाचित वाचली असती. तुमचं बोट बरोबर होतं, चूक आमची होती, एवढं तरी सांगायला हवं होतं. लाजेने मला मान वर करवेना. तरीही मी कॅमेरा काढला आणि म्हणालो, "मावशी, जरा इकडं बघा. थोडं हसा."