सहीच्या जागेवरचं बोट

माझी मुलगी नेहा पेन्सिल घेऊन नोकरीचा करार वाचत होती. मी पानाच्या तळाशी बोट ठेवून म्हणालो, "इथे सही कर, झालं."

"बाबा, बोट काढ ना! त्याखालचंच वाचायचंय."

मी ओशाळलो. वीस वर्षं एका कारखान्यात नव्या मुलांना मी अशीच सहीची जागा दाखवली. बोटाखाली एक अट असायची, मूळ प्रमाणपत्रं तीन वर्षं कंपनीकडे राहतील. मी ती मुद्दाम झाकायचो.

नेहाच्या करारातही नेमकी तीच अट निघाली. तिनं सरळ कंपनीत फोन लावला. हातची नोकरी जाते की काय, म्हणून माझा जीव खालीवर झाला.

"प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स देते, मूळ प्रती माझ्याकडेच राहू देत. चालेल?"

चालेल म्हणाले. इतकं सोपं होतं! त्या मुलांनी विचारलं असतं, तर कदाचित मीही हो म्हणालो असतो. विचारायला लागतो तेवढा वेळ मात्र मी त्यांना कधी दिला नाही.

हे मी नेहाला सांगितलं. ती खुर्ची सरकवून म्हणाली, "ये, पुढचं पान दोघं वाचू."

आयुष्यात पहिल्यांदाच मी एक करार शेवटपर्यंत वाचला.