चष्म्यासकट बघायची नेत्रिका

माझी सून अनिता शिरूरला चष्म्याच्या दुकानात काचा घासती. सकाळच्या एसटीनं मांडवगणहून जाती, दिवे लागायच्या टायमाला परत येती. आन् घरी आली की पुन्यांदा काचाच! मी म्हंते, बाई, तुझं पोट काचंनं भरतं का? हसती, आन् पदर खोचून कामाला लागती. लई हट्टी. सासूनं सुनंचं कौतुक करू नये म्हंत्यात, पर मी करनार.

दौंडला रेल्वेतनं रिटायर झालेले, हिच्या वळखीचे एक सर पुण्याला लेकाकडं ऱ्हायला निघाले, तवा त्यांनी आपली आभाळ बघायची दुर्बीण हिला देऊन टाकली. कंबरंएवढं नळकांडं आन् डोळ्याला लावायची एकच बारकी काच. तिला नेत्रिका म्हंत्यात. अनितानं मला समजावलं, "आत्या, नळी तीच ऱ्हाती. नेत्रिका बदलली की चंद्र ल्हान-मोठा दिसतो."

माझा लेक इंद्रजीत म्हनला, "मग सात-सात नेत्रिकांचा डबाच मिळतो की. मागव."

"त्यातल्या चार नुसत्या पडून ऱ्हात्यात," ही म्हनली. "मला तीनच पायजेत, आन् एक दुप्पट करनारी काच. ती लावली की तीनाच्या सहा होत्यात."

मग काय, मोडक्या दुर्बिणी हुडकायचा नाद लागला. त्यातल्या काचा काढायच्या आन् पाइपात बसवायच्या. पाइप कसला, तर आमच्या शेतातल्या ठिबकचा, बत्तीस एमेमचा! तो बी केसभर जाड निघाला, नळीत जाईना. हिनं पॉलिश पेपर घेऊन चार संध्याकाळी घासला. आतनं शाळंतल्या फळ्याचा काळा रंग दिला. भाकरीच्या पिठात बी पाइपाचा भुसा सापडला, तवा मात्र मी लई बोलले.

आता माझी गोष्ट. मला काचबिंदू हाय. शिरूरच्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं, "आजी, गेलेली नजर परत येत नाही. थेंब घाला, आहे ती सांभाळू. बघायचं ते यंदाच बघून घ्या." अनिता शेजारीच बसली हुती. त्या दिवसापासनं तिनं ध्यास घेतला, आत्यांना शनीचं कडं दावायचं.

मुक्ताबाई शेजारची म्हनली, "अगं झुंबरे, शनीकडं कुणी बघतं व्हय? त्याची नजर लागंल."

"माझीच नजर चाललीय," मी म्हनले, "त्याची काय लागायची ऱ्हायलीय!"

अनितानं पैल्यांदा दावलं तवा मी डोळा लावला आन् म्हनले, "दिसलं गं बया! काय झ्याक दिसतंय!" सगळ्या आळीला बी सांगून आले. आन् मागं येऊन बघते तर सून कपाळाला हात लावून बसलेली. नळीच्या तोंडाचं झाकनच काढलं नव्हतं तिनं! मला म्येल्याहून म्येल्यावानी झालं. मग खरं सांगितलं. चष्मा घातला की डोळा काचंपासनं लांब ऱ्हातो आन् नुसतं काळं दिसतं. चष्मा काढला तर माझ्या तिरक्या नंबरामुळं समदं फरकटतं.

रागावली न्हाई. म्हनली, "मग बोटभर लांबनं दिसंल अशी नेत्रिका करू." मोठ्या काचंची, दुप्पट करनाऱ्या काचंसंगं चालनारी. दोन महिने राबली आन् दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती तयार झाली. दसऱ्याला सांजच्याला बघायचं ठरलं.

आन् मी काय केलं? दसऱ्याला आपन कोयता, खुरपं, ट्रॅक्टर समद्याची पूजा करतो. अनिता दुकानातल्या पूजेला गेलेली. मला वाटलं, तिची बी हत्यारंच की! पाटावर खुरप्याशेजारी समद्या नेत्रिका मांडल्या, झेंडू वाहिला, आन् ओल्या हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. बरोब्बर काचंच्या मधोमध! मग वाटलं, आता दिसायचं कसं? राख घेतली, काथ्या घेतला, आन् तांब्या घासावा तशा घासल्या. चकचकीत!

अनितानं मोठी नेत्रिका उजेडाला धरली. समद्या काचंवर ओरखडे. आत गेली आन् कनीक मळत बसली, आन् मी बाहेर ओट्यावर रडत बसले. देवाची पूजा केली का माझ्याच डोळ्याची माती केली, काय कळंना.

सकाळी चहा देताना म्हनली, "आत्या, दुसरी करू. शनी संक्रांतीपतुर सांजचा दिसतोय."

म्हंजी तीन महिने. तो दर आठवड्याला अर्धा तास लवकर मावळत हुता. अनिता सुट्टीच्या दिवशी भंगारवाल्यांकडं फिरायची. दौंडचे तीन बाजार कोरडे गेले. मी म्हनले, "जाऊ दे पोरी, माझ्या नशिबात न्हाई." तर माझ्यावरच खेकसली, "नशिबाचं मी बघते, तुम्ही थेंब घाला!" सासूवर खेकसायची ही पैलीच येळ. मी मुकाट थेंब घातले.

चवथ्या बाजाराला एका बाजूनं फुटलेली, दोन डोळ्यांची दुर्बीण मिळाली. दुसऱ्या बाजूची काच धड हुती. पुन्यांदा पाइप, पुन्यांदा पॉलिश पेपर. नेत्रिकांच्या डबीला मात्र कुलूप लावलं, आन् बरंच केलं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी, सूर्य नुकताच बुडाला हुता. अनितानं झाकन काढून माझ्या हातात दिलं, "हे धरा, म्हंजी शंका नको." मी चष्म्यासकट उजवा डोळा लावला. आन् आई शप्पथ सांगते, तो तिथं हुता! हरभऱ्याएवढा, पिवळा, आन् कमरंला कडं! मी तोंडाला पदर लावून हमसून रडले. अनिता बी रडली.

मग डोळे पुसून म्हनली, "आता डाव्यानं बघा."

मी डावा लावला. काळं. नुसतं काळं. "दिसलं" हा शब्द पार जिभंवर आला हुता, पोरीचं तोंड बघून. मी तो गिळला.

"ह्यानं न्हाई दिसत, अनिता. ह्या डोळ्याचं सरलंय. कुणाला सांगितलं न्हवतं मी."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. इंद्रजीत कवापासनं मागं उभा हुता, त्याला म्हनली, "तुमचा नंबर उद्या." आन् मला, "आत्या, उजव्यानं बघा. मावळंपतुर बघा."

शनी सारखा काचंतनं निसटत हुता. ती नळी जराशी सरकवायची, मी बघायचे. तो उसामागं गेला तवाच आमी दोघी घरात आलो.