हाडाला कुणी विचारलं नाही

ह्यांची वरची, अगदी मागची दाढ गेली तेव्हा मी म्हटलं, एका दाढेवाचून काय अडतंय, उरलेल्यांनी खा. पण आमचे हे हट्टाचे. हाडात स्क्रू रोवून त्यावर कायमची दाढ बसवतात, तीच हवी. म्हणून आम्ही आमच्या कट्टा गावाहून कुडाळला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर तरुण, पण बोलणं नीट. स्कॅन दाखवून म्हणाले, "काका, वरच्या जबड्यात मागे हाड भुसभुशीतच असतं, तुमचं जरा जास्तच आहे. आणि त्याच्या लगेच वर सायनसची पोकळी." म्हणून भोक मुद्दाम स्क्रूपेक्षा बारीक पाडायचं, हाड कोरून काढण्याऐवजी बाजूला दाबून घट्ट करायचं, असं त्यांनी समजावलं. माझं माहेर देवबागचं, समुद्रकाठच्या रेतीतलं. रेतीत मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवताना माझे वडील असंच करायचे. खड्डा अरुंद, मेढ ठोकून बसवायची, आणि रेती धरेपर्यंत तिला काही बांधायचं नाही. त्यामुळे मला सगळं पटलं आणि म्हणूनच धास्ती वाटली. रेतीतल्या कलंडलेल्या मेढी मी पुष्कळ पाहिल्यात.

स्क्रू बसवताना मी दाराशी बसले होते. डॉक्टर पाना फिरवत होते आणि तो अडायला हवा तिथे अडत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी म्हणाले, "धरलाय, पण जेमतेम." वर हिरडी शिवून टाकली. चार महिने त्यावर दाढ बसवायची नाही, त्या बाजूने चावायचं नाही. नाक जोरात शिंकरायचं नाही, फुगा फुगवायचा नाही. तोवर हाड स्क्रूला आपणहून धरेल, नाहीतर तो वर पोकळीत सरकू शकतो, असं त्यांनी बजावलं.

हे पथ्याला एकदम कडक निघाले. पेज, मऊ भात, काटे काढलेला मासा. शिंकसुद्धा तोंड उघडं ठेवून. मला वाटलं, निभावलं.

पण चार महिने पुरे व्हायच्या आतच जत्रा आली. आमच्या देवळात पालखी उठताना शंख फुंकायचा मान आमच्या घराचा. एका वर्षी चुकला तर तो पलीकडच्या घराला जातो, आणि त्या घराशी आमचं जुनं वाकडं. आम्हाला दोन्ही मुलीच, म्हणून फुंकणारे हेच.

"आधी डॉक्टरांका फोन करा," मी म्हटलं.

"डॉक्टर फुग्याचा बोललो. शंख म्हणजे फुगो काय गो? ती सेवा."

"फुंकूचो तोंडानच मां?"

"तू गप रव. मी देवाकच इचारतंय."

आमच्याकडे देवाला विचारतात ते कौल लावून. गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. ह्यांनी हात जोडून विचारलं, यंदाची सेवा माझ्या हातून घेणार काय? उजवीकडची पाकळी पडली, म्हणजे होय. मी मागे उभी होते. सेवेचं विचारलं, हाडाचं कुणी विचारलंच नाही, असं माझ्या मनात आलं. तोंड उघडलं तर ह्यांनी डोळे वटारले.

पालखी उठली आणि ह्यांनी शंख तोंडाला लावला. इतका लांब सूर त्यांनी कधी धरला नव्हता. लोक खूश झाले. मला त्यांच्या फुगलेल्या गालाकडे बघवेना. मी खाली मान घालून सूर संपायची वाट बघत राहिले.

घरी येऊन हे पाणी प्यायले आणि पाणी नाकातून बाहेर आलं. त्यांनी पुन्हा घोट घेतला, पुन्हा तेच.

"पाणी नाकातसून येता गो," ते हळूच म्हणाले. ते घाबरले होते. मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला.

कुडाळला नवा फोटो काढला. स्क्रू जागेवर नव्हता. वर पोकळीत आडवा पडला होता, पांढराशुभ्र. देव देतो आणि कर्म नेतं म्हणतात. आमच्याकडे दोघांनी मिळून काम केलं. मला ह्यांचा राग आला, देवाचाही आला, आणि ते लपवायचं मला कारण दिसत नाही.

शंखाचं मीच डॉक्टरांना सांगितलं. "हाडच मऊ होतं, एकट्या शंखाने झालं असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले. "पण आता स्क्रू काढावा लागेल, भोक बुजवावं लागेल. आणि काका, फुंकणं कायमचं बंद."

"म्हणजे शंखय नाय?" ह्यांनी विचारलं. दाढेचं नाही.

पुढच्या जत्रेत शंख पलीकडच्या घराच्या हातात गेला. त्या घरचा कर्ता पुरुष फुंकायला उभा राहिला, पण नुसती हवा फुसफुसली. लोक हसू लागले. पालखी अडून राहिली. हे गर्दीतून पुढे गेले. ज्याच्याशी इतकी वर्षं बोलणं नव्हतं त्याच्या ओठांवर ह्यांनी शंख नीट टेकवून दिला. "हंय धर. आता फुक," म्हणाले. शंख वाजला, पालखी हलली, आणि हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.