बंद केलेला कूलर

ओल्या वाळ्याचा वास आला की मला जयपूरच्या आदर्श नगरमधल्या घरातला जुना राउटर आठवतो. त्याची रेंज गच्चीवर पोचत नव्हती, म्हणून त्यातलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून बाहेरचं घालू या, असं मी कितीदा तरी सुचवलं होतं. "चालू वस्तूला हात लावू नकोस," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. मग मे महिन्यात ताई आणि जिजाजी राहायला आले, जिजाजींनी तेच सुचवलं आणि बाबा म्हणाले, "करा ना, तुम्हाला कळतं त्यातलं." लॅपटॉप उघडता उघडता जिजाजी म्हणाले, "मध्येच व्होल्टेज पडलं तर मात्र राउटर कायमचा जाईल." लोड कमी व्हावा म्हणून बाबा उठले आणि त्यांनी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद केला, पाठोपाठ पंखाही. माझ्या बारावीच्या वर्षी त्या कूलरच्या घरघरीत एक ओळ डोक्यात शिरत नव्हती, तेव्हा मी हात जोडले तरी त्यांनी तो बंद केला नव्हता. आता जयपूरच्या भर दुपारी आम्ही सगळे घामाने निथळत बसलो होतो आणि बाबा वर्तमानपत्राने जावयाला वारा घालत होते. लाइट जावी म्हणून मी मनातल्या मनात देवाला विनवत होतो. ती गेली नाही. राउटरचे दिवे लागले, गच्चीवरून ताई "आलं, आलं!" म्हणून ओरडली आणि बाबांनी जिजाजींची पाठ थोपटली. काल बाबांचा फोन आला, नेट चालत नाही म्हणून. काय करायचं ते मी सांगायला लागलो, तोच ते म्हणाले, "तू राहू दे. जावईबापू फोन उचलत नाहीयेत, त्यांना तेवढा निरोप दे."