तो, ती आणि बदक

माझ्या मुलीचं मराठी मी बंद पाडलं. असं काही झालं की इथल्या शाळेवर नाहीतर टीव्हीवर खापर फोडायची सोय आमच्या मराठी मंडळातल्या सगळ्या आईबापांना असते, आणि मीही ती बरेच महिने वापरली. खरं कारण एक बदक होतं. आणि मी.

२००५च्या आसपास लंडनच्या पिनर उपनगरातल्या प्रत्येक मराठी आयटीवाल्याला डिजिटल कॅमेरा घेतल्याबरोबर आपण कलावंत असल्याचा शोध लागत असे. मलाही लागला. बाकीचे फुलं आणि पूल टिपत होते. मी पाण्यात बुड्या मारणारी शेंडीवाली बदकं निवडली. नर काळा-पांढरा, मादी तपकिरी. बदक पिसं अंगाशी चापून घेतं, किंचित उसळतं, मग मान आत, पाठ आत, शेपूट आत, आणि पाण्यावर फक्त एक वर्तुळ उरतं. या सगळ्या टप्प्यांचे फोटो एकाच चित्रात ओळीने जोडायचे आणि शेवटी चोचीवरून पाणी गाळत वर आलेलं तेच बदक दाखवायचं, असा माझा बेत होता.

कॅमेऱ्याचा बेत वेगळा होता. बटण दाबून धरलं की तो धडाधड फोटो काढी आणि नंतर ते कार्डावर उतरवत, लाल दिवा लुकलुकवत बसे. तेवढ्यात बदक वर येई, तेही भलतीकडेच. हिवाळ्यातले सगळे शनिवार मी तळ्याकाठी नाक पुसत काढले. नऊ वर्षांची मुलगी सोबत असे.

"अरे, ते बदक निदान वर तरी येतं," बायको म्हणाली. "तू कधी येणारेस?"

मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात फोटोंची स्पर्धा ठरली. माझ्याकडे नराच्या बुडीचे झकास फोटो होते, पण तो वर येतानाचा एकही नाही. वर येताना सापडली होती ती एक मादी. मग मी तिला कॉम्प्युटरवर काळं केलं, कुशी पांढऱ्या केल्या, शेंडी जरा ओढून लांबवली. कडेला थोडा तपकिरी रंग राहिला, तो संध्याकाळच्या उजेडावर ढकलून दिला. कलेसाठी माणसाला काय काय करावं लागतं!

हॉलमध्ये चित्राभोवती वाहवा चालली होती. मुलीने बोट दाखवून मोठ्याने सांगितलं, "बघा ना, आत गेला तो. आणि बाहेर आला ती."

हशा पिकला. मंडळाचे अध्यक्षकाका म्हणाले, "अगं, आला ती काय? आणि बदक म्हणजे ते! काय रे, घरी शिकवत नाहीस वाटतं?"

"पण काका, ती गर्ल आहे. मी होते तिथे."

ती खरंच होती तिथे. मीही होतो. पण बदक नपुंसकलिंगी ठेवून मायमराठीने माझ्यासाठी केवढा आडोसा करून ठेवला होता! "बाळा, ते गेलं, ते आलं," मी म्हणालो. "म्हण बघू." सगळ्यांसमोर तिच्याकडून ते पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. पहिलं बक्षीस मला मिळालं. मग आम्ही तिळगूळ वाटून गोड बोललो.

त्यानंतर ती घरात इंग्रजीच बोलू लागली. पुण्याहून माझ्या आईचा फोन आला की "हाय आजी" म्हणून रिसीव्हर माझ्याकडे देई. आईला इंग्रजी येत नाही.

"पोरगी रुसलीय का रे माझ्यावर?" आईने विचारलं.

"शाळेचा परिणाम," मी म्हणालो.

फोन ठेवला आणि स्वतःचीच शिसारी आली. जेवताना मुलीला म्हटलं, "तू बरोबर होतीस."

तिने ताटातून मान वर केली नाही. "आय नो. टेल देम."

गणपतीत आरती झाल्यावर मी अध्यक्षकाकांकडून माइक मागून घेतला. मी देणगी जाहीर करणार असं वाटून त्यांनी तो लगेच दिला.

"संक्रांतीच्या माझ्या चित्रातलं शेवटचं बदक मादी आहे," मी म्हणालो. "मी तिला रंगवलं. माझ्या मुलीने ते ओळखलं आणि खरं सांगितलं. माझी लबाडी उघडी पडेल म्हणून मी तिचं व्याकरण काढलं, आणि आपण सगळे तिला हसलो."

मग तिच्याकडे वळलो. माइक तसाच तोंडाशी धरला. "मी तुला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. मला माफ कर."